मानेखालच्या खाचा

६ जानेवारी

लिहायला घेण्याचं कारण साधं आहे. आई गेली तेव्हा तिच्या पाटल्या कुणी नेल्या यावरून निपाणीला माहेरच्या घरात जे बोललं गेलं ते सगळं तोंडी होतं, आणि तोंडी होतं म्हणून माझ्यावर आलं. पाटल्या पुढे धान्याच्या डब्यात सापडल्या. सापडल्याचं मला कुणी कळवलं नाही. आता परत त्या घरची वस्तू माझ्याकडे आली आहे. आल्यापासून परत जाईपर्यंत लिहून ठेवणार.

आज सकाळी दीपक आला. अण्णांचा, माझ्या भावाचा मुलगा. आप्पांची, आमच्या वडिलांची, हजामतीच्या सामानाची धोकटी ठेवून गेला. आप्पांनंतर ती अण्णांनी वापरली. अण्णांचा हात थरथरायला लागला, दुकान बंद झालं, धोकटी माळ्यावर गेली. चामडं वाळून पापडासारखं झालं आहे.

आत वस्तरे सात. पाच निरनिराळे. दोन अगदी एकसारखे, काळ्या शिंगाच्या मुठीचे, जोडीनं घेतलेले. शिवाय धार लावायचा पट्टा, दगडाचे दोन तुकडे, पितळी वाटी. वस्तरे सगळे गंजलेले. तीन तर उघडतही नाहीत.

दीपकचं निपाणीत सलून आहे. एसी, काचेचं दार. तिथे वस्तरा नाही, अर्धं ब्लेड वापरायचं आणि गिऱ्हाईक उठलं की फेकायचं. आता त्याला भिंतीवर काचेच्या पेटीत आजोबांचे वस्तरे लावायचे आहेत. "लोकांस्नी जुनं लई आवडतंय आता, आत्या. तू सायन्सची. गंज काढाय तुलाच जमल."

आणि पुढच्या महिन्यात त्याच्या मुलाचं जावळ. ते आप्पांच्या वस्तऱ्यानं व्हावं अशी त्याची इच्छा. त्या जोडीतला एक वस्तरा आप्पा फक्त जावळाला वापरत, दुसरा फक्त दहाव्याला, नदीवर. एवढं मलाही माहीत आहे. जावळाचा देव्हाऱ्याखालच्या फळीवर असे. दहाव्याचा घरात येत नसे, मागच्या वळचणीला पत्र्याच्या डब्यात. आता दोन्ही एकाच पिशवीत. वहिनींनी रंगकामाच्या वेळी कोंबले म्हणे.

"कुठला कुठला ते कसं कळायचं?" मी विचारलं.

"अण्णांना कळतंय की. तू नुसतं साफ कर." जिन्यावरून परत आला. "हां, अण्णांचा निरोप हाय. मानेपाशी गंज लई बसलाय, तितं चांगलं घास म्हणावं."

८ जानेवारी

वस्तरे शिवणयंत्राच्या तेलात ठेवले होते. सगळे उघडले.

झिरो पेपर, म्हणजे अगदी बारीक वाळूकागद, आणायला बेळगावच्या बाजारात. दुकानदार म्हणाला, "यजमानरन्न कळसरी, अक्का." नवऱ्याला पाठवा. यजमान केव्हाच गेले, कागद मलाच हवा आहे, म्हटलं. कन्नडमध्येच म्हटलं. गप्प देऊन टाकला.

संध्याकाळभर घासलं. बोटं काळी, अंगठ्याला कापलं. पात्याची पाठ उजळते, पण पोटातल्या खोलगट भागात बोट पोचत नाही. एका वस्तऱ्याला आठवडा लागेल असं दिसतं.

लहानपणी या पिशवीला हात लावायची मला बंदी होती. पोरीचा हात लागला की धार जाते. गरम पाण्याचा तांब्या दुकानाच्या उंबऱ्याच्या आत ठेवायचा आणि मागे फिरायचं. अण्णा आत बसून पट्ट्यावर वस्तरा मारायला शिकत. तो आवाज मला अजून पाठ आहे. मला शिकवलं ते आप्पांना माझं कौतुक होतं म्हणून नव्हे. दुकान अण्णाचं, मग हिला काय, म्हणून कॉलेज. ते मी पुरेपूर वापरलं. खानापूरच्या हायस्कुलात जन्मभर पोरांना सांगितलं, लोखंड, पाणी, हवा, तिन्ही एकत्र आले की गंज. आज तोच नखात गेला आहे.

११ जानेवारी

दीपकनं बसवाल्याकडून एक खोकं पाठवलं. हातात धरायचं फिरतं यंत्र, चार्जिंगचं, जाड पेनाएवढं. सोबत डबीभर चाकं: फेल्टची, ब्रशाची, वाळूकागदाची नळकांडी, कापायच्या पातळ चकत्या. पॉलिशची हिरवी वडी. फोनवर म्हणाला, "हातानं कशापायी घासत बसतीस? धा मिनिटांत काम."

दहा मिनिटांत काही होत नाही. पण स्वयंपाकघरातल्या जुन्या सुरीवर चालवून पाहिलं. गंजाचा लाल धूर निघाला आणि खाली पोलाद. चष्मा, तोंडाला फडकं, केस घट्ट. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसते.

समोरच्या कुलकर्णीबाई बाल्कनीतून: "अहो, दातांचं काय काढलंय का?"

१४ जानेवारी

एक बिघडवला. लिहून ठेवते.

पाचांतला सगळ्यांत पातळ होता. यंत्र जोरात लावलं आणि एकाच जागी धरून ठेवलं. धारेपाशी निळी झाक आली. म्हणजे पोलाद तापलं, पाणी उतरलं. आता तो दिसेल छान, कापणार मात्र कधीच नाही. दीपकला कळवलं. "काचेतच ठेवायचाय, कोण बघतंय," म्हणाला. मी बघते, म्हटलं.

दुपारी वहिनींचा फोन, संक्रांतीचा. "वन्सं, तिळगूळ घ्या, गोड बोला. आमी बोलतोच हाय गोड, तुमीच जरा." मग: "जावळाला याचं बरं का. दीपकला भैन न्हाई, पदर तुमालाच धरायचाय."

आमच्यात बाळ मामाच्या मांडीवर बसतं आणि केस खाली पडू न देता आत्यानं पदरात घ्यायचे. दीपकच्या वेळी मी धरला होता. त्याच्या मोठ्या मुलीच्या वेळी बोलावलं नव्हतं, पाटल्यांच्या प्रकरणानंतरचं ते. म्हणजे हा मान परत दिला आहे. हो म्हटलं. फोन ठेवल्यावर उगाच पातळांचं कपाट उघडून पाहिलं.

१७ जानेवारी

आता जमलं. यंत्र हळू फिरवायचं. चाक नेहमी पाठीकडून धारेकडे जाईल असं धरायचं, उलट धरलं की धार चाकात अडकते आणि वस्तरा हातातून उडतो (एकदा उडाला, कुंडीत जाऊन रुतला). शेजारी पाण्याचं भांडं. पात्याला बोट लावून बघायचं, कोमट लागलं की पाण्यात. आधी वाळूकागद, मग फेल्ट आणि हिरवी वडी. धारेजवळ यंत्र न्यायचंच नाही, ते हातानं.

तीन झाले. एकाच्या पात्यावर कारखान्याचं नाव निघालं, कोरीव, परदेशी. आरशासारखं नाही झालं, गंजानं खाल्लेले बारीक खड्डे राहतात. पण माझा चेहरा दिसतो.

खरं सांगायचं तर काम आवडायला लागलं आहे. या धोकटीतलं काहीतरी माझ्या हातानं नीट होतं आहे. आप्पा असते तर हातातून काढून घेतलं असतं.

२१ जानेवारी

जोडी घेतली. मुठींचे खिळे काढून पाती सोडवली. एकाच्या मुठीला लाल दोरा, एकाच्या पांढरा, पात्यांनाही तसाच, म्हणजे याची मूठ त्याला जाणार नाही. अण्णा मुठीवरून ओळखत असतील तर अदलाबदल नको.

पाती लवकर उजळली. मान अवघड. पातं संपून शेपटी सुरू होते तिथे खालच्या अंगाला, दोन्ही वस्तऱ्यांना, जाड काळा गंज. अण्णांनी सांगितलं होतं ते बरोबर. फेल्टनं हलेना. वाळूकागदाचं नळकांडं लावलं आणि खाली पोलाद लागेपर्यंत उतरवलं. गंजाखाली थोडं ओबडधोबड होतं, तेही सपाट केलं. आता बोट फिरवलं तर लोण्यासारखं.

तेल लावून, मुठी बसवून, मऊ कापडात.

२६ जानेवारी

निपाणी. सकाळची बस. कंडक्टर, "आधार तोरसरी." आधार दाखवा. बायकांना फुकट, झिरो तिकीट. संकेश्वरपर्यंत उभी. निपाणीत उतरल्यावर नाकात तंबाखू, नेहमीसारखी. हल्ली शिंका येतात. लहानपणी येत नसत.

सातही वस्तरे सोप्यात चादरीवर मांडले. दीपक खूश, लगेच फोटो. त्याची मोठी मुलगी वाकून त्यात दात बघत होती. वहिनीसुद्धा म्हणाल्या, "चांदीवानी केलायसा की."

मग दीपकनं ती जोडी अण्णांच्या हातात दिली. "अण्णा, ह्यातला जावळाचा कुठला?"

अण्णांनी डोळे मिटले. उजवा हात थरथरत होता म्हणून डाव्या हातानं मनगट धरलं, आणि अंगठा मानेखालून फिरवला. एकाच्या. मग दुसऱ्याच्या. परत पहिल्याच्या.

"खूण गेली," म्हणाले.

"कसली खूण?" मी.

"दहाव्याच्या वस्तऱ्याला मानेखाली तीन खाचा हुत्या. आप्पांनी कानशीनं घातलेल्या. न बघता बोटाला कळावं म्हणून."

मग वहिनी. "म्हंजे आता कुठला कुठला, देवालाबी कळायचं न्हाई?"

"मला हे कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं. "या घरात एकानं तरी सांगितलं होतं का, की खाचा आहेत?"

"बायकांस्नी कोण सांगतंय ते," वहिनी. "आमालाबी ठाव नव्हतं. पण आमी कुठं मशीन घिऊन बसलो?"

दीपक म्हणाला, असू दे आई. तेवढंच. अण्णा माझ्याकडे न बघता वस्तरे कापडात गुंडाळत होते.

जेवले नाही. दुपारची बस. दहाव्याची शंका असलेले ते दोन घरात नकोत म्हणून वहिनींनी जोडी माझ्या पिशवीत परत घातली. मग बाकीचेही घेऊन जा म्हणाल्या, पेटी तयार झाली की आणा. सातही परत माझ्याकडे.

२८ जानेवारी

रागानं काम होत नाही म्हणून काल काही लिहिलं नाही.

हाताला कळणारी खूण, आणि ती फक्त मुलांना सांगितलेली. मी त्याच घरात जन्मले, वीस वर्षं त्याच दुकानाचं पाणी तापवलं. ते ओबडधोबड लागलं होतं ते म्हणजे खाचा, कुठल्या वस्तऱ्याला ते आता आठवत नाही. आप्पांच्या हाताच्या. मी त्या चांगल्या मेहनतीनं सपाट केल्या.

हेही लिहिते की पोलादाला दहावा कळत नाही आणि जावळही कळत नाही. दोन्ही वस्तरे मी उकळत्या पाण्यातून काढले आहेत. पण हे मी कुणाला सांगू?

३० जानेवारी

निपाणीची शांता, शाळेतली मैत्रीण, तिचा फोन. "अगं सुमे, तुज्या भावजयीनं पाण्याच्या टाकीपाशी सांगितलं, आमच्या वन्संनी सासऱ्याचं हत्यार बाटवलं म्हणून. काय केलंस काय?"

बाटवलं. शब्द निवडून वापरतात.

दीपकला फोन केला. तो सलूनमध्ये होता, मागे गाणी. "आत्या, तू मनावर घिऊ नगंस. जावळ नव्या ब्लेडनंच करू. तेवढं... आई म्हणतीया पदर प्राजक्ताची चुलत नणंद धरल." प्राजक्ता म्हणजे त्याची बायको; तिला नणंद नाही, चुलतही नाही. कुणीतरी शोधून आणलेली असणार. म्हणजे कुणीही चालेल, मी सोडून.

बरं, म्हटलं.

२ फेब्रुवारी

दीपक सलूनचं सामान घ्यायला बेळगावात आला. अण्णांना डॉक्टरांकडे दाखवून दुपारी माझ्याकडे सोडलं, सहाला नेतो म्हणाला. अण्णा कित्येक वर्षांनी माझ्या घरी. दाढी वाढलेली. दीपकच्या ब्लेडनं करून घेत नाहीत, स्वतःच्या हातानं जमत नाही.

चहा बशीत ओतून दिला. बशी दोन्ही हातांनी धरली तरी सांडला. पुसलं.

मी म्हटलं, "खाचांचं मला आधी सांगितलं असतंस तर?"

बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू घासलं नसतंस."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"काय म्हणालास?"

"मानेपाशी घास म्हणून मीच निरोप धाडला की गं."

मग एकेक निघालं. साथीच्या वर्षी माणसं भराभर गेली. नदीवर रोज बोलावणं. दहाव्याच्या वस्तऱ्याची धार मोडली, दगडावर लावायला उसंत नाही. एक दिवस दुसरा घेतला, जोडीतला, जावळाचा. मग रोजच घेतला. हाताला बसलेला होता. त्यानंतर गल्लीतल्या पोरांची जावळं झाली ती त्याच वस्तऱ्यानं. घरच्या मोठीचंही.

"तिला काय झालं? बालवाडीत सगळ्यांना मारून येते," मी म्हटलं.

"तिला न्हाई झालं. मला झालं." आणि हात पुढे केला. "तिचं जावळ काढलं, आन् त्या दिवाळीपासनं ह्यो असा."

"अण्णा, हा कंपवात आहे. डॉक्टरांनी नाव सांगितलंय, गोळ्या दिल्यात."

"डॉक्टरला काय कळतंय, सुमे. त्यो हुता का नदीवर?"

पुढचं मी विचारून काढलं. दीपकनं जावळाचा वस्तरा मागितला. हाच तो म्हणून दाखवावा तर नातवाच्या डोक्याला लागणार. नको म्हणावं तर का ते सांगावं लागणार. खूणच नसली तर प्रश्न मिटला. स्वतः घासायला हात स्थिर नाही. म्हणून मी.

"आणि नाव माझं गेलं ते?"

"तुज्यावर कोण राग धरतंय? तू काय हितं ऱ्हातीस? चार दिस बोलतील. मला त्या उंबऱ्यात बसायचंय रोज."

"दीपकला सांग."

"येडी हायस का? ज्यांची पोरं मी त्या वस्तऱ्याखाली घेतली त्यास्नी कळलं तर त्याच्या सलूनात कोण पाय ठेवल?" मग डोळ्यांत पाणी आणून: "आप्पांनी मरताना हातात दिलं हुतं गं. दोनी येगळं ठेव म्हणालं हुतं."

आम्ही बोलत असताना दीपक बाहेर हॉर्न वाजवत होता. अण्णा उठताना म्हणाले, "तू शिकलेली. तुला काय फरक पडतोय ह्या गोष्टींनी?"

जाताना त्यांच्या शर्टाची बटणं मी लावून दिली.

३ फेब्रुवारी

फरक पडतो. वस्तऱ्यानं नाही.

लहानपणी मला धोकटीला हात लावू दिला नाही, धार जाईल म्हणून. म्हातारपणी मुद्दाम लावायला दिला, खूण जावी म्हणून. मधल्या सगळ्या वर्षांत याच्यात काही बदललं असेल अशी माझी समजूत होती.

सगळ्यांत वाईट हे, की त्यांची भीती खरी आहे. सोंग नाही. त्या हाताकडे बघून ते झोपतात आणि उठतात. मला कीव आली आणि त्या किवेचाही राग आला.

५ फेब्रुवारी

काय करायचं याचा विचार. दीपकला फोन लावून सगळं सांगावं. एका वाक्याचं काम. पण मग सलूनचं जे होईल ते माझ्या तोंडानं होईल, आणि परत मीच. शिवाय दीपक मला खरं मानेल का? वडिलांचा शब्द एका बाजूला, आत्या दुसऱ्या.

गप्प बसावं. चार दिवस बोलतील. पाटल्यांचं चार दिवस म्हणत अजून बोलतात.

ते अण्णांनीच सांगायला हवं. माझ्या बाजूनं नाही, त्यांच्या स्वतःच्या.

६ फेब्रुवारी

दीपकचा फोन. काचेची पेटी तयार. रविवारी जावळ. "तू येच, आत्या. येताना पाच वस्तरे आण. ती दोन... आई म्हणतीया उंबऱ्याच्या आत नगोत."

"अण्णा काय म्हणतात?"

"अण्णा कुठं काय म्हणत्यात."

येते, म्हटलं.

७ फेब्रुवारी

दुपारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. यंत्राला कापायची पातळ चकती लावली. ती आजवर वापरली नव्हती. आधी बिघडलेल्या वस्तऱ्याच्या शेपटीवर हात बसवला, दोन-तीनदा. हात माझा स्थिर आहे. आप्पांसारखा, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं.

मग जोडी घेतली. दहाव्याच्या वस्तऱ्याला तीन खाचा, ही आप्पांची रीत. साथीच्या वर्षापासून दोन्ही वस्तरे दहाव्याचे आहेत, हे अण्णांनीच मला सांगितलं. तर मग खूण दोन्हींना हवी.

लाल दोऱ्याच्या मानेखाली तीन खाचा. पांढऱ्या दोऱ्याच्या मानेखाली तीन. प्रत्येक खाचेनंतर पाण्यात. कड फेल्टनं मारली, बोट कापू नये म्हणून. डोळे मिटून अंगठा फिरवून बघितलं. न बघता कळतं.

खोटं काही कोरलं नाही. जे खरं आहे तेच जागेवर परत ठेवलं.

९ फेब्रुवारी

काल रविवार. जावळ.

हिरवं पातळ नेसून गेले, ठरवलं होतं तेच. सोप्यात पाहुणे, पाटाभोवती रांगोळी, बाळ मामाच्या मांडीवर, हातात खुळखुळा. पदर धरायला कुणी बाई आणलेली, ती मला बघून अवघडली. तिचा काय दोष.

वहिनी पुढे आल्या, हळू आवाजात: "वन्सं, ती दोन बाहेरच ऱ्हाऊ द्या."

"बाहेरच आहेत," मी म्हटलं. अण्णा उंबऱ्याबाहेर कट्ट्यावर बसले होते. पाच वस्तरे, यंत्र आणि बाकीचं मी दीपकला दिलं. एक बिघडलेला आहे हे परत सांगितलं, चार माणसांसमोर. मग बाहेर येऊन कापड सोडलं आणि जोडी अण्णांच्या दोन हातांत ठेवली.

"खूण परत घातली आहे," मी म्हटलं. दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझ्या सांगण्याप्रमाणे. आता कुठला कुठला ते बोटानं बघ आणि दीपकला सांग."

दीपक बाहेर आला. "आत्या, तुला कसं कळलं कुठल्यावर घालायची?"

"अण्णांनीच सांगितलं."

अण्णांचा अंगठा पहिल्याच्या मानेखाली गेला. थांबला. मान हलवली, होय म्हणून. मग दुसऱ्याच्या. तिथेही थांबला. आणि मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. आप्पा गेले त्या दिवशी असं पाहिलं होतं, त्यानंतर काल.

"काय झालं?" वहिनी आतून. "घावला का जावळाचा?"

अण्णांनी दोन्ही वस्तरे मांडीवर ठेवले, त्यावर दोन्ही हात ठेवले. हात थरथरत होते, मुठी एकमेकींवर वाजत होत्या.

"अण्णा, बोला की," दीपक खाली बसला. "कुठला?"

"बस जरा हितं," अण्णा त्याला म्हणाले. "बस. सांगतो."

सांगतो म्हणाले. काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी चपला घालून निघाले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत बाळाचं रडणं ऐकू आलं नाही, म्हणजे ब्लेड अजून लागलं नव्हतं. मागून कुणीतरी आत्या म्हणून हाक मारली असं वाटलं. वळले नाही. हाक दीपकची असेल तर तो फोन करेल. आज संध्याकाळपर्यंत आलेला नाही.

दिल्याची नोंद.

दीपकच्या हातात: वस्तरे पाच, पैकी एक धार गेलेला, सांगून. पट्टा, दगडाचे दोन तुकडे, पितळी वाटी, रिकामी धोकटी तेल लावून. यंत्र, चार्जर, उरलेली चाकं.

अण्णांच्या हातात: वस्तरे दोन, जोडीचे. दोन्हींच्या मानेखाली तीन-तीन खाचा.

त्या घरातलं माझ्याकडे आता काही नाही.